‘कपेशस’ शब्दातली मूठ

ऐसपैस खोली, कितीही सामान पोटात घेणारी पिशवी, ऐकलेलं सगळं साठवून ठेवणारी स्मरणशक्ती. या तिन्हींना इंग्रजीत एकच विशेषण चालतं: ‘कपेशस’. जागा मोठी आहे एवढंच हा शब्द सांगत नाही. पुष्कळ काही धरून ठेवण्याचं बळ त्यात आहे, कारण त्याचा जन्म मुळी हाताच्या पकडीतून झालाय.

लॅटिनमध्ये ‘कापेरे’ म्हणजे घेणं, पकडणं. त्यावरून ‘कापाक्स’, म्हणजे भरपूर धरू शकणारा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीनं तो उचलला. ‘कपॅसिटी’ ही त्याची सख्खी बहीण. ‘कॅच’ आणि ‘कॅप्टिव्ह’ (कैदी) त्याच घरातले. ‘रेसिपी’सुद्धा! लॅटिनमध्ये ‘रेकिपे’ म्हणजे ‘घे’. युरोपातले वैद्य औषधाची चिठ्ठी याच शब्दानं सुरू करत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजही छापलेलं ‘आरएक्स’ हे त्याचंच चिन्ह. स्वयंपाकघरात हा शब्द बराच नंतर शिरला.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो मात्र याचा एक दूरचा नातेवाईक, इंग्रजीतला रोजचा ‘हॅव’. कानाला काहीच साम्य जाणवत नाही. पण परीकथा गोळा करणाऱ्या याकोब ग्रिमनं 1822 मध्ये एक नियम नीट मांडला (त्याच्या आधी, 1818 मध्ये, डेन्मार्कच्या रासमुस रास्कनं तो हेरला होता). इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेत जुन्या ‘क’चा ‘ह’ झाला. म्हणून शिंगाला लॅटिनमध्ये ‘कोर्नू’, तर इंग्रजीत ‘हॉर्न’. शंभराला तिकडे ‘केंतुम’, इकडे ‘हंड्रेड’. आणि ‘प’? आपला ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्तेम’, इंग्रजी ‘सेव्हन’ शेजारी ठेवा, म्हणजे ‘प’चा ‘व्ह’ कसा होतो ते दिसेल. ‘कापेरे’ आणि ‘हॅव’ एकाच मुळाचे निघतात: ‘कप्’, पकडणं. हे मूळ कुठेही लिहिलेलं सापडत नाही, वंशज शब्दांची तुलना करून अभ्यासकांनी ते परत उभं केलंय.

गंमत म्हणजे लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ असा शब्द आहे, अर्थही ‘जवळ असणं’ हाच. कोणीही म्हणेल, हाच ‘हॅव’चा भाऊ. तो नाही. ‘क’चा ‘ह’ होतो तसा लॅटिनचा ‘ह’ इंग्रजीत ‘ह’ राहत नाही, आणि ‘हाबेरे’चं नातं लागतं ते ‘गिव्ह’शी, म्हणजे देण्याशी. दिसण्यावर विसंबून व्युत्पत्ती सांगू नये, ती ध्वनींच्या नियमांना पटली पाहिजे, याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

मराठीनं याच अनुभवाकडे वेगळ्या बाजूनं पाहिलं. ‘मावणं’ आलंय संस्कृतच्या ‘मा’ धातूवरून, ज्याचा अर्थ मोजणं. ‘माप’ही त्यातलंच. पीठ डब्यात मावलं असं म्हणताना आपण मापाची भाषा बोलत असतो. लॅटिन बोलणाऱ्याच्या लेखी मात्र त्या डब्यानं पीठ पकडलेलं असतं.