थंड पाण्यातील बुडी : डोके व धड यांचा उबदार पोशाख

स्कूबा उपकरणे (पाठीवरच्या टाकीतून पाण्याखाली श्वास घेण्याची) लावून थंड पाण्यात उतरताना डोके, मान, छाती, पोट आणि पाठ यांतली उष्णता टिकावी म्हणून घालायचा पोशाख व त्याची निवड. यात निओप्रीन या बुडबुडेदार रबराचा हूड (डोके व मान झाकणारी टोपी), हूड जोडलेले वेस्ट (बंडी), वेटसूट (थोडे पाणी आत घेणारा), ड्रायसूट (पाणी बाहेर ठेवणारा) आणि ड्रायसूटखालचे कपडे येतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही हा विषय इथे जवळचा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकडीचे ठाणे धुळ्यात आहे, धरणे व नद्यांत शोधकार्य चालते आणि तारकर्लीला स्कूबा शिकून आलेले तरुणही आता गावोगावी भेटतात.

थंड पाणी कशाला म्हणायचे, इथेच पहिली चूक होते. जळगावात मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. तिथल्या माणसाला २०° हा आकडा सुखाचा वाटतो, आणि हवेत तो सुखाचा आहेही. पाणी मात्र हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. उघड्या अंगाने स्वस्थ बसून राहिल्यास ३३ ते ३५° से.च्या खालचे कोणतेही पाणी शरीराला हळूहळू गार करत जाते. म्हणून २०° चे पाणी अर्ध्या तासाच्या बुडीसाठी थंडच धरावे.

अंगाला येणारा अनुभवही फसवा असतो. डिसेंबरच्या पहाटे शेतातल्या विहिरीतून वाफा निघतात आणि उडी मारली की पाणी कोमट लागते. जमिनीखालचे पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहते, गार झालेली असते ती बाहेरची हवा. धरणाचे गणित वेगळे आहे. हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी गार होऊन खाली जाते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, पण खोल जलाशयात त्याखाली गार थर तसाच राहतो आणि दोहोंमधली सीमा काही हातांच्या अंतरात ओलांडली जाते. गाळाने उथळ झालेल्या हतनूर धरणापेक्षा, सातपुड्याच्या दऱ्यांत शिरलेल्या सरदार सरोवराच्या अक्राणी भागातील पाण्यात याचा विचार अधिक करावा लागतो. तोरणमाळचा यशवंत तलाव सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. तिथे थंडीखेरीज उंचीमुळे बुडीची कोष्टकेही (किती खोलीवर किती वेळ राहावे याचे तक्ते) बदलावी लागतात. पोशाख ठरवताना काठावरच्या हवेकडे पाहू नये. तळाचे तापमान मोजावे आणि बुडीच्या शेवटच्या दहा मिनिटांचा विचार करावा.

धड

हृदय, फुप्फुसे, यकृत ही सगळी धडात आहेत. थंडी लागली की शरीर हातापायांकडचे रक्त आखडते घेऊन हा गाभा राखते. गाभ्याचे तापमान ३५° च्या खाली गेले की शीताघात सुरू झाला असे मानतात. बोटे बधिर होणे आणि निर्णय मंदावणे त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी धडावर खर्च करावेत. हातमोजे, बूट त्यानंतर.

निओप्रीनच्या तुकड्याची कापलेली कड नीट पाहिली तर त्यात बंद बुडबुड्यांची बारीक जाळी दिसते. ऊब देतात ते हे बुडबुडे. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा हेच काम करते. फरक एवढाच की गोधडी भिजली की निकामी होते आणि निओप्रीनचे बुडबुडे बंद असल्याने पाण्यातही टिकतात. वेटसूटमध्ये थोडे पाणी शिरतेच, अंगाने ते तापते आणि सूट घट्ट असेल तर तिथेच राहते. ही कल्पना अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडली.

पण १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे होतात; ३० मीटरवर ते चौथा हिस्सा उरतात. जिथे थंडी सर्वांत जास्त, तिथेच सूट सर्वांत पातळ. त्यामुळे तारकर्लीच्या उबदार समुद्रात पुरणाऱ्या ३ मिमीच्या सूटवर खोल धरणात भिस्त ठेवू नये. साधारणपणे २० ते २४° ला ५ मिमी, त्याखाली ७ मिमी किंवा ५ मिमी सूट व त्याच्या आत हूड जोडलेले ३ मिमी वेस्ट, आणि १५° च्या खाली लांब बुडी असेल तर ड्रायसूट. हे आकडे सुरुवातीपुरते. सडपातळ माणसाला, आणि एकाच जागी थांबून शोध घेणाऱ्याला, एक पायरी वर जावे लागते.

माझ्या मते वेस्ट ही सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे. मानेतून पाठीच्या कण्यावरून वाहणारा गार पाण्याचा ओहोळ ती थांबवते, कारण हूड आणि धड यांच्यात फटच राहत नाही. जाडीपेक्षा बसणी महत्त्वाची. कंबरेच्या खळगीत, काखेत आणि मानेच्या मागे पोकळी राहिली, तर ७ मिमीचा सूटही दर हालचालीला पंपासारखा पाणी आतबाहेर करतो.

थर वाढला की तरंगण्याची ओढ वाढते, म्हणून शिशाची वजने नव्याने जुळवावीत. समुद्रातला हिशेब जसाच्या तसा घेऊ नये. गोड्या पाण्यात त्याच माणसाला दोन-अडीच किलो कमी लागतात.

ड्रायसूट पाणी बाहेर ठेवतो. ऊब मात्र त्याखालचे कपडे देतात. लोकर किंवा फ्लीस घालावे. सुती बनियन घामाने भिजतो आणि अंगाला गार चिकटून बसतो. ड्रायसूटमध्ये हवा सोडणे-काढणे ही स्वतंत्र विद्या आहे, प्रशिक्षणाशिवाय तो वापरू नये.

डोके

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे सर्रास ऐकू येणारे विधान चुकीचे आहे. डोके त्वचेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे असते. तरी हूड टाळण्याचे हे कारण होत नाही. डोक्याच्या रक्तवाहिन्या हातापायांसारख्या आखडत नाहीत. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या प्रयोगांत डोकेही पाण्याखाली गेले, तेव्हा एकूण उष्णता थोडीच जास्त गेली, पण गाभ्याचे तापमान त्यामानाने बरेच वेगाने उतरले. शिवाय गार पाणी एकाच कानात शिरले तर गरगरते, आणि गढूळ पाण्यात वर-खाली कळेनासे होणे जिवावर बेतू शकते.

हूड विकत घेताना तो घालून गिळून पाहावे, जबडा उघडावा, मान दोन्हीकडे वळवावी. गळ्याशी फार घट्ट हूड मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब देतो. त्याने नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. मास्कची रबरी कड थेट कातडीवर बसली पाहिजे, हूड तिच्याखाली गेला की मास्क गळतो. टाळूवर बारीक छिद्रे असलेला हूड बरा, मास्कमधून निसटलेली हवा त्यातून बाहेर पडते. कानाशी हवा कोंडली तर कान दुखतो. पाण्यात उतरताच हूडची कड बोटाने उचलून थोडे पाणी आत घ्यावे.

वर येताना

तळाशी उबदार आणि वर येताना गार, हा क्रम डीकम्प्रेशन सिकनेसचा (दाब कमी होताना रक्तात व अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याच्या विकाराचा) धोका वाढवतो. विरघळलेला नायट्रोजन बाहेर टाकायला रक्ताभिसरण हवे असते आणि तेच थंडीने मंदावते. थरथर सुरू झाली की बुडी संपवावी. बाहेर आल्यावर कोरडे कपडे, कानटोपी आणि कोमट गोड चहा द्यावा. चोपडा तालुक्यात उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. बुडीनंतर लगेच तशा कढत पाण्यात अंग शेकू नये, त्याने अंगात नायट्रोजनचे बुडबुडे तयार होण्याचा संभव वाढतो.

खानदेशात याच्या उलटही एक धोका आहे. मे महिन्यात काठावर ७ मिमीचा सूट चढवून वाट पाहत बसलेल्या माणसाला पाण्यात उतरण्याआधीच उष्माघात होऊ शकतो. सूट कमरेपर्यंतच चढवून सावलीत थांबावे, अंगावर पाणी ओतत राहावे, चेन आणि हूड अगदी उतरतानाच लावावेत. निओप्रीन उन्हात कडक होऊन चिरते, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन सावलीत, रुंद खांद्याच्या हँगरवर सुकवावे आणि तापलेल्या पत्र्याच्या खोलीत घडी करून ठेवू नये.