झाड लावलं की लगेच कार्बन क्रेडिट? नाही हो!

त्र्यंबक, पेठ, हरसूलकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज कितीतरी दिवस फिरतोय, की पडीक माळावर कुठलंही पटकन वाढणारं झाड लावा, एक झाड म्हणजे एक क्रेडिट, पैसे खात्यात. हे चुकीचं आहे.

एक क्रेडिट म्हणजे हवेतून शोषून झाडात साठवलेल्या 1 टन कार्बन डायऑक्साइडचा दाखला, जो कंपन्या विकत घेतात. त्या 1 टनात नुसता कार्बन साधारण 273 किलो, आणि लाकडाच्या कोरड्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, तेव्हा हिशोब केला तर एका टनासाठी जवळपास 545 किलो सुकं लाकूड तयार व्हायला लागतं, म्हणजे हातभर रोपाला क्रेडिट कुठून येणार, त्याला वर्षं जातात आणि मधे मोजमाप, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी हे सगळं असतंच.

आणि "कुठलंही झाड" हे तर मला अजिबात पटत नाही. निलगिरी लावली, काही वर्षांनी तोडून जाळली की कार्बन परत हवेत. आपल्या डोंगरावर साग, ऐन यांची जुनी खुंटं जमिनीत जिवंत असतात, चराई थांबवली, वणवा अडवला, की ती स्वतःच फुटतात, खड्डा खणायचीही गरज नाही, जोडीला जांभूळ, मोह, हिरडा लावा.

अजून एक, उभं रान तोडून नवीन लागवड दाखवली तर क्रेडिट मिळत नाही, क्रेडिट देणाऱ्या मोठ्या संस्थांच्या नियमांत (स्टँडर्डमधे) प्रकल्प सुरू होण्याआधीच्या 10 वर्षांत नैसर्गिक जंगल साफ केलेली जमीन चालतच नाही. म्हणून कुणी रोपांचे पैसे आगाऊ मागत असेल तर आधी करार नीट वाचा, किती वर्षांचा आहे आणि वणवा लागला तर नुकसान कुणाचं ते विचारा.