मणक्यांपुढील सूज (मानेच्या दुखापतीनंतरची)

मानेचे मणके आणि त्यांच्या पुढे असलेले घसा व अन्ननलिका यांच्यामधल्या मऊ ऊती दुखापतीनंतर रक्त साचून किंवा पाणी धरून जाड होतात. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ही जाडी दिसते. फ्रॅक्चर नजरेस पडत नाही तेव्हा कधीकधी एवढीच खूण हाती असते.

मणक्याच्या पुढच्या कडेपासून घसा व श्वासनळीतील हवेच्या काळ्या पट्ट्याच्या मागच्या कडेपर्यंत आडवे अंतर मोजतात. झिजेमुळे वाढलेले हाडाचे टोक त्यात धरत नाहीत. प्रौढांत दुसऱ्या मणक्यापुढे सुमारे ६ मिमी आणि सहाव्यापुढे २२ मिमी ही वरची मर्यादा: दोनला सहा, सहाला बावीस. चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी अन्ननलिकेचे तोंड माणसागणिक वर-खाली असते, म्हणून तिथल्या आकड्यावर विसंबू नये. एक्स-रेची नळी १.८ मीटरपेक्षा जवळ असली तर सावली फुगते. सीटीत तसे होत नाही, त्यामुळे तिथे सहाव्या मणक्यापुढची मर्यादा १८ मिमीच्या आसपास धरतात. खरे तर आकड्याइतकाच आकारही पाहावा. निरोगी सावली हाडाला चिकटून उतरते. एकाच पातळीवर पुढे आलेला फुगवटा मर्यादेत असला तरी संशयास्पदच.

लहान मूल रडत असेल, श्वास सोडत असेल किंवा मान पुढे झुकली असेल तर खोटी सूज दिसते. एरवी मान किंचित मागे नेऊन, श्वास आत घेतलेला असताना फिल्म पुन्हा काढतात. पण कण्याला इजा झाल्याचा संशय असेल तर मान हलवायची नाही, सीटी किंवा एमआरआय करायचा. श्वासनळीत ट्यूब किंवा नाकातून पोटात जाणारी नळी (रायल्स ट्यूब) घातलेली असली की मोजमापाचा भरवसा उरत नाही.

सर्वांत महाग पडते ती उलटी चूक: सूज नाही म्हणून मान स्थिर ठेवणारा पट्टा (कॉलर) काढणे. मणक्याच्या मागच्या भागातील फ्रॅक्चर किंवा फाटलेले अस्थिबंध (हाडे जोडणारे पट्टे) पुढे काहीच दाखवत नाहीत, आणि पहिल्या काही तासांत सूज उमटलेलीही नसते. झिजलेल्या मानेचा वयस्कर माणूस तोंडावर आपटतो, पायांपेक्षा हात जास्त लुळे पडतात, सीटीत हाड शाबूत दिसते; अशा वेळी एमआरआयच्या स्टिर चित्रांत (यांत चरबी दबते आणि पाणी उजळ दिसते) मणक्यांपुढे चमकणारा पाण्याचा पट्टा पुढचा अस्थिबंध किंवा मणक्यांमधली चकती फाटल्याकडे बोट दाखवतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांत रक्ताची गाठ तासागणिक वाढू शकते. आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वासाला घरघर लागली, तर दुसऱ्या स्कॅनची वाट न पाहता श्वासमार्ग आधी सुरक्षित करतात. सुजेत हवेचे बुडबुडे दिसले तर घसा, स्वरयंत्र किंवा अन्ननलिका फाटली आहे का, हे लगेच तपासावे लागते.