वनस्पती तूप श्रीलंकेहून का आलं?

24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या आणि रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर स्कॉच निम्म्या भावात मिळू लागली. करारात लिहिलंय ते एवढंच, की स्कॉचवरचं 150 टक्के आयात शुल्क करार लागू झाल्यावर 75 टक्के होईल आणि दहाव्या वर्षी 40 टक्क्यांवर येईल. बाटलीवरचा राज्याचा अबकारी कर आहे तिथेच आहे.

अशा करारांना आपण ‘मुक्त व्यापार’ म्हणतो, पण शुल्काची सवलत फक्त सही करणाऱ्या देशालाच असते. बाकीच्यांसाठी जकातनाके तसेच उभे. जेकब वायनर या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये यातली गोम दाखवली. महाग देशी मालाच्या जागी स्वस्त परदेशी माल आला, तर व्यापार नव्याने निर्माण होतो. पण जगातला सर्वांत स्वस्त विक्रेता सोडून केवळ शुल्क माफ आहे म्हणून आपण करारातल्या महागड्या सोबत्याकडे गेलो, तर व्यापार नुसता वळतो. शिवाय सरकारचं शुल्क बुडतं ते वेगळंच.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. भारत-श्रीलंका करारावर डिसेंबर 1998 मध्ये सह्या झाल्या, अंमल मार्च 2000 पासून. पुढच्या काही वर्षांत तिथून भारतात वनस्पती तुपाचा लोंढा सुरू झाला. त्यासाठी लागणारं कच्चं पामतेल श्रीलंका आग्नेय आशियातून आणत होती. कारखाने काढणाऱ्यांत भारतीय उद्योजकही होते. म्हणजे तेल आधी श्रीलंकेत, मग तूप होऊन भारतात. शुद्ध द्राविडी प्राणायाम!

हे जमलं कसं? माल ‘श्रीलंकेचा’ ठरून त्यावरचं भारतातलं शुल्क माफ व्हायला दोन अटी होत्या. एक, मालाचा चार आकडी शुल्क-क्रमांक (कस्टम्स ज्यावरून माल ओळखतं तो) कच्च्या मालापेक्षा बदलला पाहिजे. पामतेल नुसतं शुद्ध केलं तर ते 1511 मध्येच राहतं. निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून गोठवलं की ते 1516 मध्ये जातं. म्हणून रिफाइंड तेल नाही, वनस्पती! दोन, किमतीत किमान 35 टक्के मूल्यवर्धन श्रीलंकेत झालेलं हवं.

खरी गंमत या 35 टक्क्यांत आहे. सोयीसाठी आकडे काल्पनिक घेऊ, वाहतूक आणि श्रीलंकेचं शुल्क सोडून देऊ. कच्चं तेल 100 रुपयांचं, प्रक्रियेचा खर्च 15. भारतात त्या काळी कच्च्या पामतेलावर भरमसाट शुल्क होतं. 80 टक्के धरू. भारतीय कारखानदाराला तूप पडतं 195 रुपयांना, श्रीलंकेतल्याला 115. तो 170 ला विकतो, तरी इथल्यापेक्षा स्वस्त. आता मूल्यवर्धन मोजा: 170 वजा 100, म्हणजे 70, म्हणजे 41 टक्के. पास! हाच माल त्याने 115 ला विकला असता, तर मूल्यवर्धन जेमतेम 13 टक्के भरलं असतं आणि तो नापास झाला असता. म्हणजे आपणच लावलेल्या शुल्कामुळे इथला भाव चढला, आणि तो चढलेला भाव कागदावर श्रीलंकेतलं ‘मूल्यवर्धन’ म्हणून मोजला गेला.

सरकारचे बुडालेले 80 रुपये गेले कुठे? 25 ग्राहकाला, 55 कारखानदाराला. (गणित डोक्यावरून गेलं असेल तर हे शेवटचे दोन आकडे तेवढे धरून ठेवा.)

भारतीय उत्पादकांनी ओरड केल्यावर वनस्पतीवर वर्षाला 2.5 लाख टनांची मर्यादा आली. तांब्याच्या बाबतीतही असाच वाद झाला, आणि श्रीलंकेत तांब्याच्या खाणी नाहीत.

एवढ्यावरून ‘करार म्हणजे देश विकला’ म्हणणारे आणि ‘करार म्हणजे सोन्याचा धूर’ म्हणणारे, दोघांनाही मी टीव्हीवरच्या राशिभविष्यवाल्यांच्या रांगेत बसवतो. ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाप्रमाणे भारताशी झालेल्या करारामुळे त्यांचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) दीर्घकाळात 0.13 टक्क्याने वाढेल. शून्यानंतरचा टिंब नीट पाहा.

आपल्या कस्टम्सने सप्टेंबर 2020 पासून नियम कडक केले. नुसता ‘मूळ देशाचा दाखला’ आता पुरत नाही. न्हावा-शेवाला माल उतरवणाऱ्या आयातदाराला सवलत हवी असेल, तर तो माल त्या देशाचा कसा ठरला, मूल्यवर्धन किती आणि कशावरून, याची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते, आणि अधिकाऱ्याने मागितली की दाखवावी लागते.