अमेरिकेतली कोर्टं
अमेरिकेची न्यायव्यवस्था म्हणजे खरं तर शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, हे एकदा लक्षात आलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. आपल्याकडे जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी एकच शिडी, तिथे मात्र केंद्राची म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी आणि 50 राज्यांची वेगळी, कायदेही वेगळे आणि नावंसुद्धा वेगळी. न्यूयॉर्कमध्ये तर ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटले चालवणारं खालचं कोर्ट आहे, राज्यातलं सगळ्यात वरचं कोर्ट म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’, त्यामुळे बातमी वाचताना हमखास गोंधळ होतो.

चोरी, खून, घटस्फोट, भाडेकरूचं भांडण, हे बहुतेक सगळं राज्याच्या कोर्टात जातं. फेडरल बाजूला 94 डिस्ट्रिक्ट कोर्टं, त्यावर 13 अपील कोर्टं आणि वर सुप्रीम कोर्ट, तिथे 1869 पासून 9 न्यायाधीश. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि निवृत्तीचं वय नाही. बऱ्याच राज्यांत मात्र न्यायाधीश चक्क निवडणूक लढवून येतात, आणि मला हे अजिबात पटत नाही, कारण ज्याला पुढच्या वेळी मतं मागायचीत त्याने लोकांना न आवडणारा निकाल द्यायचा तरी कसा?

या दोन शिड्या कुठे जुळतात ते क्लॅरेन्स गिडियनच्या केसमध्ये छान दिसतं. 1961 मध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटीत पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या एका अड्ड्यात चोरी झाली आणि याला पकडलं. वकील करायला पैसे नव्हते म्हणून त्याने कोर्टाकडे वकील मागितला, जज म्हणाले की राज्याच्या कायद्यात फाशीच्या गुन्ह्यालाच तो मिळतो. मग जेमतेम शिकलेल्या गिडियनने स्वतःच साक्षीदार तपासले, ज्युरीसमोर, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर बोलला, आणि 5 वर्षांची शिक्षा झाली. राज्याच्या सर्वोच्च कोर्टानेही अर्ज फेटाळला. पण वकील मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत आहे, म्हणजे प्रश्न आता फक्त फ्लोरिडाचा नव्हता, म्हणून त्याने तुरुंगातूनच पेन्सिलीने अर्ज लिहून देशाच्या सुप्रीम कोर्टाला पाठवला. तिथे दरवर्षी हजारो अर्ज येतात, 9 पैकी निदान 4 न्यायाधीशांना घ्यावासा वाटला तरच सुनावणी होते. याचा घेतला, आणि 1963 मध्ये 9 च्या 9 जणांनी सांगितलं की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील द्यावाच लागेल, राज्याचं कोर्ट असलं तरी.

सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं नव्हतं हं, केस परत फ्लोरिडात गेली. खटला पुन्हा पनामा सिटीतच उभा राहिला, या वेळी शेजारी वकील होता आणि त्याने मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी अशी घेतली की साक्ष टिकलीच नाही. ज्युरी साधारण तासाभरात बाहेर आली आणि गिडियन सुटला.