अजगर गप्प पडलेला असतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

कोल्हापूर भागात ऊसतोड सुरू झाली की फडात अजगर निघाल्याचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरायला लागतात आणि त्यात कुणीतरी हमखास म्हणतंच, "बघा की, खाऊन कसं सुस्त पडलंय." मला हे ऐकून राहवत नाही, कारण पोट फुगलेला अजगर बाहेरून गप्प दिसतो पण आतून सगळ्यात जास्त राबत असतो.

आपल्या अजगराचा जवळचा भाऊबंद म्हणजे बर्मी अजगर, त्याच्यावर भरपूर अभ्यास झालाय. हा गडी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो आणि तेवढे दिवस आतडं आकसून ठेवतो, उगाच खर्च नको म्हणून. शिकार पोटात गेली की दोनेक दिवसांत आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, हृदयाचा मुख्य कप्पा 40 टक्क्यांनी वाढतो, शरीराचा एनर्जीचा वापर कितीतरी पटींनी चढतो, आणि पचलं की सगळं परत पहिल्यासारखं लहान! मला तर यापेक्षा भारी काही वाटत नाही.

अजगर शिकारीची हाडं मोडून मारतो असं बरेच जण म्हणतात, तेही खरं नाही. अजगरासारखाच विळखा घालून मारणाऱ्या बोआ सापांवर 2015 साली अभ्यास झाला, त्यात दिसलं की विळखा बसल्यावर काही सेकंदांतच उंदराचा रक्तप्रवाह कोलमडतो, म्हणजे श्वास कोंडायच्या आधीच खेळ संपतो. अजगराच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला अंधारातही गरम रक्ताच्या जनावराची ऊब कळते. शेपटीच्या सुरवातीला दोन्ही बाजूंना नखीसारखं काहीतरी दिसतं, ते मागच्या पायांचे राहिलेले अवशेष, नराचे जरा मोठे.

आणि मादी! अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, गारठा वाढला तर अंगाचे स्नायू थरथरवून स्वतः ऊब तयार करते. सापांमध्ये हे फार कमी जणांना जमतं.

तर फडात अजगर दिसला तर काठीनं डिवचू नका, फोटोसाठी शेपूट ओढू नका. घाबरला की पळता यावं म्हणून तो गिळलेलं सगळं ओकून टाकतो, म्हणजे एवढी मेहनत वाया. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, मारणं तर गुन्हाच. टोळीला जरा लांब थांबवा, वन विभागाच्या 1926 ला फोन लावा, आणि पोट फुगलेलं असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे येणारा माणूस त्या बेतानं हाताळेल.