जमिनीवरची जहाजं

क्रॅनवेल हे लिंकनशायरमधलं गाव. चहूकडे शेतं, समुद्र कुठेही दिसत नाही. १९१६ मध्ये ब्रिटिश नौदलाने इथे विमानं आणि एअरशिप चालवायला शिकवणारा तळ उघडला. शिकायला आलेल्या पोरांची नावं मात्र चढली 'एचएमएस डीडलस' या जहाजाच्या पटावर. हे जहाज म्हणजे मेडवे नदीत नांगरून ठेवलेलं एक निकामी खोकं. बहुतेकांनी ते कधी पाहिलंही नसेल.

यात हौसेचा भाग नव्हता. नौदलाचा शिस्तीचा कायदा लागू व्हायचा तो जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसाला. जहाजच नसेल तर शिक्षा करायची कशाच्या आधारावर? म्हणून किनाऱ्यावरचे तळ कागदोपत्री जहाजं ठरले आणि खलाशी त्यांना 'स्टोन फ्रिगेट', म्हणजे दगडी युद्धनौका, म्हणू लागले. मग जमिनीला डेक, भिंतीला बल्कहेड, स्वयंपाकघराला गॅली. गावात फिरायला जायचं तर 'लिबर्टी बोट' पकडायची. बोट कसली, ठरल्या वेळी रांग लावून फाटकातून चालत बाहेर पडायचं!

१ एप्रिल १९१८ ला नौदल आणि लष्कर यांच्या हवाई शाखा एकत्र करून स्वतंत्र हवाई दल काढलं गेलं. नौदलाच्या हातून एका दिवसात सुमारे ५५ हजार माणसं, जवळपास ३ हजार विमानं आणि शंभरावर किनारी तळ गेले. क्रॅनवेलही गेलं. लंडनवरचे जर्मन हवाई हल्ले आणि विमानं, इंजिनं मिळवण्यासाठी दोन खात्यांची चाललेली ओढाताण ही कारणं खरीच होती. पण विमानवाहू जहाज एकाचं आणि त्यावरचं विमान दुसऱ्याचं, हा संसार चालायचा कसा? १९२४ च्या तडजोडीने गुंता वाढवला. ७० टक्क्यांपर्यंत वैमानिक नौदलाचे घ्यायचे, पण त्यांना हवाई दलाचाही हुद्दा द्यायचा. मागे बसून वाट दाखवणारे आणि टेहळणी करणारे ऑब्झर्व्हर मात्र सगळे नौदलाचेच. आता दोन हुद्द्यांच्या माणसाची बढती कोणी बघायची? दोन घरचा पाहुणा उपाशी.

१९३७ मध्ये एका मंत्र्याच्या निवाड्याने वाद नौदलाच्या बाजूने मिटला. प्रत्यक्ष ताबा मिळाला २४ मे १९३९ ला, म्हणजे युद्धाला जेमतेम सव्वातीन महिने उरले असताना. त्या दिवशी परत मिळालेल्या ली-ऑन-सोलेंटच्या तळाला नाव दिलं पुन्हा डीडलस. ग्रीक पुराणातला हा पंख बनवणारा कारागीर. त्याचाच मुलगा उडता उडता समुद्रात पडला, हे नाव ठेवणाऱ्याने फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. बाकीच्या बऱ्याच तळांना पक्ष्यांची नावं मिळाली: यिओव्हिलटन 'हेरॉन', वर्दी डाउन 'केस्ट्रेल', क्रेल 'जॅकडॉ'.

युद्धकाळात पोराला आधी गॉस्पोर्टच्या 'सेंट व्हिन्सेंट'वर खलाशी करायचे, मग उडायला कॅनडात किंवा अमेरिकेत पेन्साकोलाला पाठवायचे. बरेच ऑब्झर्व्हर त्रिनिदादला शिकले. खरी कसोटी परत आल्यावर. स्कॉटलंडमध्ये ईस्ट हेवनला जमिनीवरच्या धावपट्टीला डेक मानून पुन्हा पुन्हा उतरायचं. कडेला वैमानिकाला खुणा करायला दोन्ही हातांत छोट्या बॅट घेतलेला अधिकारी उभा. त्याने हात वर केले की अर्थ, 'विमान वर घे'. अमेरिकन पद्धतीत त्याच खुणेचा अर्थ नेमका उलटा, 'तू फार वर आहेस'!

आज ब्रिटिश नौदलाचे मोठे हवाई तळ दोनच उरलेत, यिओव्हिलटन आणि कॉर्नवॉलमधलं कल्ड्रोज. नावांची पद्धत मात्र इकडेही रुजली. युद्धकाळात कोइमतूरला विमानदुरुस्तीचा ब्रिटिश तळ होता, 'एचएमएस गरुड'. १९५३ मध्ये भारतीय नौदलाचा कोचीचा तळ 'आयएनएस गरुड' झाला. गोव्यात दाबोळीला 'हंसा' आहे, मुंबईत कुलाब्याला 'शिक्रा'. पंतप्रधानांचं हेलिकॉप्टर 'आयएनएस शिक्रा'वर उतरल्याची बातमी येते तेव्हा ते कुठल्या जहाजावर नाही, कुलाब्याच्या जमिनीवर उतरलेलं असतं.